एकाच तारेचा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. आर. के. पुरम.

सायकलचा दिवा लागला! हल्ली धुक्यात ऑफिसातून परतताना हे दोनदा पडता पडता वाचले, म्हणून मीच तो उघडला. काच, बल्ब, डायनमो, सगळं धड. पण तार एकच! एका तारेवर दिवा लागतो कसा? मग एकदम लक्षात आलं, वीज परत जाते ती सायकलच्या लोखंडातून. आणि दिवा बसवायची पट्टी यांनी दिवाळीला हौसेनं रंगवलेली! रंगातून वीज जाणार कशी? रंग खरवडला, सगळं पुन्हा जोडलं. यांनी चाक फिरवलं, तर भिंतीवर पिवळा चांदोबा.

"अच्छा! पण दुसरी तार कुठंय?"

"अहो, ही अख्खी सायकलच."

दोघंही बघत राहिलो. रोज फडक्यानं पुसते मी ती, आणि एवढं माहीत नव्हतं.

उद्या हे दुसऱ्या तारेवर बसून घरी येतील.