मागच्या चाकाचा सिलिंडर

४ एप्रिल २०२५, धुळे

तिसराही परत! आबांनी तळहातावर फिरवला, डोळ्यांशी धरला, माझ्या हातात ठेवला — ‘हाऊ आपला नही शे.’ झालं. सासरे आहेत म्हणून गप्प बसले. नाहीतर तोंडात काय काय आलं होतं!

गाडी त्र्याण्णवची. मागच्या चाकात ब्रेकचा एक बोटभर सिलिंडर असतो, तो गळतोय. अंगणात ऑइलचे डाग. आपल्या मॉडेलचा पार्ट कधीच बंद झाला. म्हणून दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीचा आणायचा आणि आपल्याला बसतो का ते पाहायचं. आणणार कोण? पुनम! नवरा भूपेंद्र सुरतेत नोकरीला. तिथून फोनवर हुकूम — ‘आबांचं तेवढं बघ गं.’ बघतेय की! दुसरं काय करतेय?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदेला — रत्नाताईंना — शिरपूरहून माहेरी आणायचं आहे. मुराळी म्हणून लेकीला आणायला दरवर्षी आबाच जातात, याच गाडीनं. एसटीनं जा म्हटलं की भडकतात. जन्मभर एसटीचं स्टेअरिंग धरलं, आता मागं शिटावर बसून जाऊ?

६ एप्रिल

रत्नाताईंचा फोन. ‘वहिनी, मिळाला का पार्ट?’ नाही म्हटलं. ‘बरं, बरं’ म्हणून फोनच ठेवला. वाईट वाटलं मला.

९ एप्रिल

ऑफिसच्या कामानं जळगावला गेले होते. काम उरकून तोतारामशेठच्या दुकानात. जुन्या पार्टांचा नुसता डोंगर. आपला गळका सिलिंडर पिशवीतून काढून दिला. दोन बोल्टांच्या भोकांमधलं अंतर, पाइप लागतो तिथले आटे, आतलं भोक — शेठनं पट्टी लावून सगळं मापलं. मग कुठून तरी एक काढला, पुसला, दोन्ही शेजारी ठेवले. जुळे भाऊ!

‘बसेल ना हो नक्की?’

‘ताई, नाही बसला तर माझ्या डोक्यात आणून मारा.’

बसमध्ये पूर्ण वेळ पिशवी मांडीवर धरून बसले. इतकी खूश मी लग्नात नव्हते.

१० एप्रिल

‘हाऊ बी नही.’

का? ‘आटे जाड शेत.’ आबा, मापून आणलाय हो! ‘तुले काय समजस वं त्यातलं?’ खरंच, मला काय समजतं! मला फक्त उन्हात फिरायचं समजतं. हाशमभाई मेकॅनिक शेजारीच उभे होते. त्यांना विचारलं, तुम्ही तरी सांगा, बसतो की नाही? ते पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिले. ‘आबा बोले तो नहीं बैठेगा, बेटी.’

आत येऊन भांडी घासली. जोरात.

१२ एप्रिल

आज मात्र हसून मेले. आबा किराणा दुकानावरून एकाच पायात चप्पल घालून आले! उजवी कुठंतरी वाटेतच राहिली. ‘आबा, दुसरी कुठंय?’ म्हटलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. डांबर नुसतं पेटलेलं, आणि या माणसाला पत्ता नाही! मीच जाऊन आणली. गल्लीच्या तोंडाशी पडली होती.

१४ एप्रिल

पुन्हा ताईंचा फोन. ‘मिळाला का?’ जीव खाल्ला बाईनं! अहो, घरी बसून विचारायला काय जातं? शेवटी म्हणाले, ‘ताई, मी काय सिलिंडर पोटातून काढू?’ त्यावर म्हणतात, ‘तसं नाही वहिनी... तुम्ही नका एवढ्या पळू.’ म्हणजे वर टोमणा!

भूपेंद्रला सुट्टी नाही. आबा एसटीनं जायला तयार नाहीत. कोणताच पार्ट चालत नाही. मी करू तरी काय?

१७ एप्रिल

इंटरनेटवर मागवलेलाही ‘आपला’ नाही.

२० एप्रिल

आज आपण ऐकायचंच नाही, ठरवलं. आबांचे दोस्त लोटननाना जीप घेऊन आले आणि आबांना दोन दिवसांसाठी शिंदखेड्याला घेऊन गेले. ते वळणावर दिसेनासे झाले तशी हाशमभाईंना बोलावलं. म्हटलं, जळगाववाला बसवा. जे होईल ते माझ्या डोक्यावर.

बसला! आटा न् आटा बसला. मी आत बसून पेडल दाबत होते, ते चाकापाशी बसून पाइपातली हवा काढत होते. आधी पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जायचा. मग हळूहळू कडक, आणि शेवटी पाय टणकन अडला. काय बरं वाटलं! हाशमभाईंनी गाडी शिरपूर रस्त्यानं सोनगीरपर्यंत नेऊन आणली. ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी राहते म्हणाले.

पण खूश दिसले नाहीत. चहासुद्धा घेतला नाही. ‘आबा को आप ही बोलना’ म्हणाले आणि निघाले.

२२ एप्रिल

लिहायला हात उचलत नाही.

आबा सकाळी आले. मी नाचतच सांगितलं. चेहरा एकदम उतरला त्यांचा. मला वाटलं, न विचारता केलं म्हणून राग. मीच हट्ट धरला — एक चक्कर मारा हो आबा, बघा तरी! मीच. चावी मीच दिली हातात.

गल्लीत गाडी हळूच गेली. समोरच्या बांधकामाची वाळू पडलेली आहे. आबा समोर बघायचं सोडून एकदम स्टेअरिंगखाली वाकले. गाडी वाळूत घुसली. देवाची कृपा, वाळूच होती. रोज पोरं खेळतात तिथं!

‘सांगी राह्यनू ना तुले! हाऊ आपला नही शे!’ ओरडले. मी आत बसून पेडल दाबलं. टणक.

उजवी चप्पल फाटकापाशीच पडली होती. आबांचा पाय उचलून बघितला. तळव्याला केवढा फोड, फुटलेला, चिघळलेला. मी बोटानं दाबलं. ‘आबा, लागतंय?’

‘काय?’

माय वं! आणि मी हसले होते त्या दिवशी.

२३ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, शुगरनं पायाची जाणीव गेलीय. जखम भरेल, जाणीव परत येणार नाही. गाडी बंद.

घरी येऊन आबांनी पाय पाटावर ठेवला. मग आपणहून बोलले. ‘ब्रेकवर पाय शे का नही, ते खाले वाकीसन देखनं पडस.’ मी विचारलं, मग ते सिलिंडर? ‘पहिलाच बसत व्हता, पोरी.’

मला रागावताच येईना. पार्ट मिळत नाही म्हणून गाडी उभी आहे, एवढं म्हणता यावं म्हणून सगळं. हाशमभाईंनाही शपथ घातलेली. वर म्हणाले, ‘रत्नाले नको सांगू वं. ती वाट देखी राह्यनी.’ आणि रडले. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडला, आणि मला साधं पाणीसुद्धा सुचलं नाही.

२६ एप्रिल

एसटीनं जायला तयार झाले. मी सोबत. एकच अट — पुढच्या शिटावर बसायचं नाही. ड्रायव्हर दिसायला नको.

२७ एप्रिल

ताईंचा फोन. ‘वहिनी, मिळाला का?’ आबा समोरच बसलेले, पाय पाटावर. माझ्याकडे बघत होते.

‘नाही हो ताई. या मॉडेलचा आता कुठंच मिळत नाही. आम्ही एसटीनं येतोय.’

‘नक्की ना? नाहीच ना मिळाला?’

‘नाही.’

तिकडून केवढा मोठा श्वास सुटला! मग हळूच म्हणाल्या, ‘आबांना सांगू नका. गेल्या आखाजीला सोनगीरच्या फाट्यावर आबांना ब्रेकच सापडेना, हँडब्रेक मी ओढला होता. रोज देवाला हेच मागत होते वहिनी, मिळू देऊ नको.’