नदीच्या बाजूला

॥ श्री ॥
बालाघाट, २ डिसेंबर १९९८

चि. सौ. पौर्णिमा हीस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर माणसं राहतात, हे वाचून तुझे भाऊजी म्हणाले की कस्टमवाल्यांनी वीरेंद्ररावांची बदली थेट पाण्यातच केली. मी म्हटलं, ज्यानं सगळी नोकरी वारासिवनी ते लांजी एवढ्याच टापूत काढली त्यानं दुसऱ्याला हसू नये.

अनुरागला वनखात्याची नेमणूक मिळाली. जानेवारीत रुजू व्हायचंय, त्याआधी मावशीकडे जाऊन समुद्र पाहायचा म्हणून हटून बसलाय. गोंदियाहून मुंबई आणि तिथून कोकणातल्या नव्या गाडीनं कुडाळ असा येईल. त्याच्यासोबत चिन्नोर तांदूळ पाठवते.

एकच सांगते, त्याला समुद्रात उतरू देऊ नकोस. मी देवापुढे त्याच्याकडून वचन घेतलंय, पण जवान पोरगा आहे, लाटा पाहून पाघळेल. पोहायची फारच खुमखुमी आली तर नदीत पोहू दे. वैनगंगेत लहानाचा मोठा झालेला आहे, नदीची मला काही धास्ती नाही.

वीरेंद्ररावांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई,
प्रेमलता

॥ श्री ॥
देवबाग, ११ डिसेंबर १९९८

ती. सौ. ताईस पौर्णिमाचा सा. न. वि. वि.

तुझा लेक सुखरूप पोचला. तांदळाचं पोतडं खांद्यावरून उतरवायच्या आधी तो किनाऱ्यावर धावला आणि जागीच उभा राहिला. मले वाटलं होतं मोठं तळं असंन, म्हणाला.

इथलं सगळंच त्याला नवल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहिरीला गोड पाणी कसं, ओहोटीला मधेच वर आलेलं वाळूचं बेट भरतीला जातं कुठं. सर्वांत नवल नदीचं. भरतीच्या वेळी आमची नदी उलटी वाहते, समुद्राकडून डोंगराकडे. तो तासभर काठावर बसून वाहत्या पानांकडे पाहत होता. आता वैनगंगेलाही हे शिकवतो म्हणतो.

काळजी करू नकोस. समुद्रात घोट्याच्या वर पाणी लागू देत नाही. मी चिडवते, तर आईचा हुकूम आहे म्हणतो.

भाऊजींना साष्टांग नमस्कार. आमची आठवण काढत जा.
तुझी,
पौर्णिमा

देवबाग, २९ डिसेंबर १९९८

ती. भाऊजींस सा. न.

हे पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. तुम्ही इथं अनुरागला न्यायला आलात आणि राख घेऊन गेलात, तेव्हा मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. पण तुम्हाला कळलं पाहिजे.

तो समुद्रात गेलाच नव्हता. त्या सकाळी टॉवेल घेऊन निघाला, म्हणाला, मावशी, आईनं समुद्रात जायले नाही म्हटलं, मी आपला नदीतच जातो. मी हौ म्हटलं. मलाही वाटलं, नदीच तर आहे. इथलं पोरदेखील जाणतं की ओहोटी लागली की मुखाजवळच्या नदीत पाऊल टाकायचं नाही, सगळं पाणी एकदम समुद्राकडे ओढलं जातं. आम्ही बालाघाटची माणसं. आम्हाला नदी म्हणजे नदी. समुद्राच्या बाजूला त्या दिवशी पाणी संथ होतं, लोक आंघोळ करत होते.

ताईला काय सांगू? तिनं मला विचारू नये एवढंच देवाकडे मागते.
अभागी,
पौर्णिमा

बालाघाट, १० जानेवारी १९९९

चि. सौ. पौर्णिमा हीस आशीर्वाद.

पोरी, मला एक सांग. तुझे भाऊजी विचारलं की उठून बाहेर जातात. अनुराग समुद्रात उतरला होता का? त्यानं माझा शब्द कधी मोडला नाही. मग हे कसं झालं? मी पडूनच असते. भात गिळवत नाही. सारखं वाटतं, माझंच काही बोलायचं राहिलं. समुद्रात नको म्हटलं, पण आणखी काही सांगायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. तू तिथं होतीस. खरं काय ते लिही.
ताई

देवबाग, १८ जानेवारी १९९९

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं काही राहिलं नव्हतं. हो, तो समुद्रातच उतरला. मी आडवी आले, तुझी शपथ घातली, पण लाटा पाहून त्याला राहवलं नाही. हसत गेला. तुझा शब्द त्यानं मोडला, ताई. तू स्वतःला लावून घेऊ नकोस. दोन घास खा.
तुझी,
पौर्णिमा

बालाघाट, २७ जानेवारी १९९९

चि. सौ. पौर्णिमा हीस आशीर्वाद.

बरं झालं खरं लिहिलंस. देवापुढे वचन दिलं होतं त्यानं! एवढी का आईची किंमत? त्याचा फोटो मी भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकला. तुझे भाऊजी मासिक श्राद्धाला बसले, मी स्वयंपाक केला नाही. ज्यानं आईला फसवलं त्याच्यासाठी मी चूल पेटवणार नाही. मला मुलगा होता, हेही आता कुणी माझ्यापुढे काढू नये.

तू मात्र जपून राहा. त्या पाण्याकडे पाठ करून बस.
ताई

बालाघाट, ८ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. पौर्णिमा हीस अनेक आशीर्वाद.

ऑफिसात तुझं दुसरं पत्र मिळालं. ताईनं अनुरागला असं टाकलेलं तुला बघवत नाही, आता खरं लिहून टाकू का, म्हणून विचारतेस.

मला ते तुझ्या पहिल्या पत्राआधीपासून ठाऊक होतं. देवबागला तुमच्या शेजारच्या होडीवाल्यानं सांगितलं होतं. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर पिंड ठेवले तर कावळा शिवेना. समोरच्या झाडावर रांगेनं बसलेले, खाली एक उतरत नव्हता. गुरुजी म्हणाले, त्याचं काही राहिलं असेल तर कबूल करा. बेटा, तुझ्या आईला सांभाळीन म्हटलं, तिला काशीला नेईन म्हटलं. काही नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मनातल्या मनात म्हटलं, बेटा, तू तिचा शब्द मोडला नाहीस हे मी तिला सांगीन. मनातलं वाक्य पुरं होईतो कावळा उतरला.

घरी आलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी सांगू शकलो नाही. रोज उद्यावर ढकलत होतो, तेवढ्यात तिला तुझं पत्र आलं. ते वाचून ती उठली. रागानं उठली, पण उठली. आता भांडी आपटते, त्याला नाही नाही ते बोलते, आणि बोलता बोलता जेवते. काल पुन्हा भात मागून घेतला.

तिला खरं कळलं तर ती परत भिंतीकडे वळेल आणि मग कुणी उठवली तरी उठणार नाही. पोराला दिलेला शब्द मी मोडतो आहे. तो मला काही म्हणायला येणार नाही, ती रोज समोर असते.

तू काही लिहू नकोस. माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, ताईवर असू दे.
चिंतामण