बादलीच्या जागी कुत्रा

आबेरायरॉन,
मंगळवार, चहानंतर

प्रिय ओल्वेनताईस धाकट्या डिल्विनचा जमेल तितका वाकून नमस्कार. (गुडघे त्याहून खाली जाऊ देत नाहीत.) भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांनी पाइप सोडला असं तू लिहिलंस; कुठे सोडला तेही बघून ठेव, बहुधा शेडमध्ये सापडेल. स्वॉन्सीत तुमच्याकडे हवा बरी असावी. इथे वारा असा आहे की टोपी घालायची तर ती हाताने धरून चालावं लागतं.

बस चालवणं सुटल्यापासून माझी दुपार जाता जात नाही, म्हणून मी गाढवांच्या दुकानात जातो. (म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमासाठी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे विकतात. गाढवं गल्ल्यावर बसत नाहीत हे भाऊजींना सांग, ते विचारणारच.) गल्ल्यावर प्रॉथेरोबाई बसतात. मी काहीही उचललं की त्या चष्म्यावरून बघतात, आणि खाली ठेवलं की जास्तच बघतात. गेल्या आठवड्यात मी एक जिगसॉ घेतला. बंदरावर बसलेला कोळी, होड्या, मागे रंगीत घरं. घरी आणून सगळा जुळवला, आणि पाहतो तर डब्यावरच्या चित्रात कोळ्याच्या पायाशी बादली आहे, पण माझ्या टेबलावर तिथे कुत्रा! छोटा, तपकिरी, अतिशय रागावलेला कुत्रा. तो एक तुकडा कुणीतरी पुठ्ठ्यातून कापून हाताने रंगवला होता.

आता ताई, हरवलेला तुकडा स्वतः करायचा एवढी चिकाटी ज्याच्यात आहे, तो समोर डब्यावर बादली दिसत असताना कुत्रा का काढेल? मला जेवण सुचेना. प्रॉथेरोबाईंना विचारलं, तर म्हणाल्या की देणाऱ्यांची नावं सांगायची नसतात. मग मी रोज जाऊन उभा राहू लागलो. कोण पिशव्या घेऊन येतं, कुणाच्या बोटांना रंग आहे, ते बघत. तिसऱ्या दिवशी प्रॉथेरोबाईंनी माझ्या हातात कपड्यांची इस्त्री दिली. नुसतं उभं राहायचं तर गाढवांसाठी काहीतरी करा, म्हणाल्या. (मला इस्त्री येत नाही. एक ब्लाउज आता बाहुलीला होईल.)

तर काल मी इस्त्री करत असताना एक बाई आल्या. ईनिड वॉन नाव, टेकडीवरच्या शाळेत पूर्वी शिकवायच्या. हातात रुमालाची पुरचुंडी. जिगसॉ कुणी नेला, असं विचारत होत्या. सोफा विकायला काढला तेव्हा बादलीचा खरा तुकडा त्याच्या फटीत सापडला म्हणे, आणि अपुरी वस्तू दिल्याची त्यांना चुटपुट लागली होती. मी इस्त्री तशीच सोडून पुढे झालो (दुसरा ब्लाउज), आणि इतके दिवस घशात अडकलेला प्रश्न विचारला.

"कुत्रा का?"

"बादली मला जमत नाही," त्या म्हणाल्या. "कुत्रा जमतो."

मला हे उत्तर फार आवडलं, ताई. का, ते विचारू नकोस. मग त्या म्हणाल्या, बादली घ्या आणि कुत्रा परत द्या. तो त्यांच्या गेलेल्या कुत्र्यासारखा, टॅफीसारखा आला आहे. मी म्हटलं, कुत्र्याशिवाय माझा कोळी एकटा पडेल. त्यांनी रुमाल पुन्हा बांधला. मीही हटलो नाही. शेवटी प्रॉथेरोबाईच वैतागल्या.

"दुकानात भांडू नका. चहा प्यायला बसा आणि तिथे भांडा."

तेव्हा ईनिडबाई पुढच्या आठवड्यात गुरुवारी माझ्याकडे येणार आहेत. कुत्रा कुणाचा ते तेव्हा ठरेल. मला यात केवळ त्या तुकड्यापुरती उत्सुकता आहे, हे तुझ्या स्वभावामुळे आत्ताच लिहून ठेवतो.

तुझा,
डिल्विन

ता. क. आईचा वेल्श केक भाजायचा जाड तवा तुझ्याकडे आहे ना? पुढच्या बुधवारच्या बसने पाठव. पीठ किती, बेदाणे किती, तेही लिही. आणि पुरुषाने निळा शर्ट घालावा की राखाडी?

पुन्हा ता. क. जुळवलेलं चित्र टेबलावर तयार होतं. आज सकाळी मी ते सगळं मोडून डब्यात भरलं. कुत्रा शोधायचा म्हणजे आधी पूर्ण जुळवायलाच हवं, आणि दोघांनी मिळूनही ते एका गुरुवारी होण्यासारखं नाही.