अब्बा, सातच्या पुढचं ते पान

प्रिय अब्बा,

काल तुमचे नाणी जमवणारे दोस्त पाटीलकाका आपल्या अल कुसैसच्या घरी आले होते. आखात सोडून कायमचे सांगलीला निघालेत. ते गेल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून हे पत्र.

देरातल्या तुमच्या शिवणकामाच्या दुकानात ती कॅनडाची शिक्षिका यायची, आठवतं? तिच्या पँटच्या खिशात राहिलेली नाणी तुम्ही परत केलीत, तर तिने हसत पुढच्या वेळी तिच्या देशाची मूठभर जुनी नाणी आणून दिली. त्यातल्या १९६५च्या एकेक सेंटच्या दोन नाण्यांवरचे पाचाचे आकडे तुम्हाला वेगळे दिसले. एकाचं टोक अणकुचीदार, दुसऱ्याचं बोथट. सातवी शिकलेला माणूस तुम्ही! पण त्या फरकापायी रात्रंदिवस इंग्रजी कॅटलॉग वाचू लागलात.

सत्तेचाळीसच्या नाण्याची गोष्ट तर किती रंगवून सांगायचात! नाण्यावरच्या इंग्रज राजाच्या बिरुदातून ‘भारताचा सम्राट’ काढायचं होतं, नवे साचे वेळेत पोचले नाहीत, म्हणून कॅनडाने पुढच्या वर्षीही सत्तेचाळीसचीच नाणी पाडली आणि सातच्या पुढे एक बारीक मेपलचं पान घातलं. “आपण आझाद झालो, आणि पान उगवलं तिकडे!”

मग शुगरने तुमची नजर नेली. दुकान सुटलं, नाणी सुटली नाहीत. मी भिंग धरायची, तुम्ही विचारायचात.

“बेटा, सातच्या पुढे पान आहे का?”

“नाही, अब्बा.”

त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं हो! डोळे मोबाइलमध्ये होते. ते पंचवीस सेंटांचं नाणं तुम्ही पाटीलकाकांना दुसऱ्याच्या बदल्यात देऊन टाकलंत. पुढच्या शुक्रवारी काका धावत आले. “भाईसाहेब, अहो, यावर पान आहे! घ्या परत.”

“खलास! मग चूक माझी. आता ते तुमचं.”

किती वर्षं शोधत होतात ते पान! मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि गप्प राहिले. तुम्ही मला रागावला का नाहीत, अब्बा? एकदा तरी ओरडायचं होतं.

काल मी काकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, मला त्याच दिवशी कळलं होतं. भाईसाहेब भिंत चाचपत माझ्यामागे लिफ्टपर्यंत आले. म्हणाले, तिला काही विचारू नका. लाजली तर पुन्हा माझ्याजवळ बसायची नाही.”

मी बसले, अब्बा. तुम्ही आम्हाला सोडून जाईपर्यंत प्रत्येक शुक्रवारी बसले, आणि खरोखर बघून सांगितलं. तेव्हा कुठे मला नाणी दिसायला लागली.

काका जाताना ते नाणं माझ्या हातात ठेवत होते. मी घेतलं नाही. तुमचा शब्द मी कसा मोडू?

तुमच्या डब्यात अजून बरीच नाणी निवडायची आहेत. २००६चे सेंट काही पोलादाचे, काही जस्ताचे, म्हणून माझी आयेशा ते फ्रिजवरच्या लोहचुंबकाला लावून बघते. “ममा, धिस वन स्टिक्स!” असं ओरडते. तिची घाई बघून मला हसू येतं.

इन्शाल्ला, आम्ही दोघी मिळून सगळी ओळखू आणि पाकिटांवर नावं लिहू. वचन देते अब्बा, जे ओळखता येणार नाही, त्यावर ‘समजलं नाही’ असंच लिहीन.

तुमची,
शबाना