ठकीची काच

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

काम थोडं आणि गप्पा फार, हा तुझा टोमणा शिरसावंद्य. चर्चच्या खिडक्या दुरुस्तीला उतरवल्यात. इथल्या लुथरन मंडळींना आधी साध्याच काचा हव्या होत्या, गीतपुस्तक वाचायला उजेड पुरावा म्हणून. रंगीत काचा पुढे एकेक करून आल्या. शेवटची, मुलांना जवळ घेणाऱ्या प्रभूची, आपल्या बाबांनी घडवलेली. तिच्यातली कडेची पोर त्यांनी आपल्या बहिणीवरून, ठकीवरून काढली होती. माझ्या जन्माआधीच ती तापाने गेली, फोटो एकही नाही. म्हणून आईने हट्ट धरलाय, खिडकी खाली आहे तोवर ठकीला जवळून बघायचंय.

ताई, चेहरा उरलेला नाही. काजळी समजून पुसत होतो, तर खाली कोरी काच. तेवढा तुकडा उलटा बसलाय, रंगाची बाजू बाहेर. भट्टीत भाजलेला रंगही इतक्या वर्षांच्या पावसापुढे टिकत नाही. बाबांसारख्या कारागिराकडून हे कसं झालं, माझं डोकं चालत नाही. पाळकसाहेब म्हणतात, नवा चेहरा काढ. मी तिला पाहिलेलंच नाही. तुला नाक, डोळे, जे आठवेल ते कळव.

तुझा,
धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रडून घेतलं, मग लिहायला बसले. मी सात वर्षांची होते रे. माझी बाहुली ओढून पळायची ते आठवतं. चेहरा आठवायला गेले की माझ्याच लेकीचा समोर येतो. हनुवटीवर खळी होती, एवढं खात्रीने सांगते.

तू काढच. म्हातारीच्या जिवाला तेवढंच समाधान. आणि बाबांना बोल लावू नकोस. पोर गमावलेल्या माणसाचा हात चुकायचाच. जेवणाची हेळसांड करू नकोस, माझी माया आहे ती आहेच.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आई आली. आधी जुना तुकडा मागितला. बाबांची चूक मी सावरून सांगू लागलो, तर तिने मला थांबवलं. चूक नव्हतीच म्हणाली. ठकी गेल्यावर दर रविवारी खिडकीतली ठकी आईच्याच बाकाकडे बघायची. ते आईला सोसेना. काच उलटवून तिचं तोंड फिरवा, असं तिनेच बाबांना सांगितलं.

"ते म्हणाले, पावसाने पुसून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे पुसून."

ती कोरी काच कितीतरी वेळ गालाला लावून बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. मग मी काढलेला चेहरा तिने उजेडाला धरला आणि मला विचारलं, "हीच होती का रे ती?"

मी हो म्हटलं. ताई, तू लगेच निघून ये. तुझ्या लोभाची आज आम्हा दोघांना फार गरज आहे.

तुझा,
धाकटा