कॉम्प्युटरचा ताप आणि माझा हात

२ एप्रिल. सकाळी.
संघप्रियानं माझ्या फोनात एक बटण बसवून दिलंय. दाबायचं, बोलायचं, की आत अक्षरं उमटतात. तारीख फोन आपोआप टाकतो. वाचणारं कुणी न्हाय. मला वाचता येत न्हाय आणि बाकीच्यांना वेळ न्हाय. म्हणजे खरं बोलायला हरकत न्हाय.
तर खरं असं की नातीचा कॉम्प्युटर तापतोय. संघप्रिया पुण्याच्या कंपनीचं काम इथं सास्तुरात घरी बसून करते. अजून बांधल्या नाहीत अशा बिल्डिंगींची फिल्म बनवते, तिच्यात माणसं जिने चढत असतात. काम जड झालं की कॉम्प्युटर तापतो आणि बंद पडतो. पडंना. मला काय त्याचं.
आजपासून साखरेची गोळी रोज घ्यायची. चहा बिनसाखरेचा. म्हणजे उद्यापासून. आजचा चहा झालाय.

३ एप्रिल
त्या कॉम्प्युटरात पाणी आहे म्हणे. दोन काळ्या नळ्या आहेत. एकीतून गरम पाणी वर पंख्यांकडं जातं, दुसरीतून गार होऊन परत येतं. मी विचारलं, पाणी भरायचं कधी. भरायचं न्हाय आजी, आत बंद करून ठेवलंय, कायमचं.
तिथंच मला आजार कळला. रांजण गार का करतो, तर पाझरतो म्हणून. माठाचं तेच, कूलरचं तेच. जे पाझरतच न्हाय ते गार काय करणार. तिला सांगितलं. म्हणाली, आजी, तू इंजिनिअर व्हायला पायजे होतीस. मलाही तसंच वाटतं.
दुपारी घरातला कूलर ढकलत तिच्या खोलीत नेला, तोंड कॉम्प्युटरकडं केलं. ती पाणी प्यायला गेली होती. आल्या आल्या बंद केला. ओल आत गेली तर जळंल म्हणाली. प्रयोग अर्धाच राहिला, तेव्हा चुकला असं कुणी म्हणू नये.

५ एप्रिल
शिवप्रसादला फोन लावला. त्याचं उमरग्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे. स्पीकरवर होता. म्हणाला, पंप फिरतोय असं स्क्रीनवर दिसतंय, पण पाणी सरकतंय का न्हाय ते हातालाच कळणार. दोन्ही नळ्या धरून बघा. एक भाजत असंल आणि एक गार असंल तर पाणी आत अडलंय. दोन्ही सारख्या कोमट असतील तर पाणी फिरतंय, दोष दुसरीकडं.
संघप्रियानं हात पुढं केला. म्हणलं, थांब. ह्या घरात ताप कोण बघतं? लेकरांची कपाळं, अंघोळीचं पाणी, तवा, सगळ्याला आजवर हाच हात लागलाय. माझ्या राजपालनं एकदा थर्मामीटर आणला होता. तो लावायचा आणि मग मला विचारायचा, आई, बरोबर दाखवतोय का.
धरून बघितल्या. दोन्ही सारख्या. कोमट.
शिवप्रसाद म्हणाला, अज्जींनी सांगितलं म्हणजे झालं. चांगल्या वळणाचं पोरगं आहे.

७ एप्रिल
चिपचा ताप ओढून घ्यायला तिच्यावर लावतात ती पेस्ट शिवप्रसादनं राजपालच्या हाती दिली. राजपाल एसटीत कंडक्टर आहे, उमरग्याला रोज जातो. दाताच्या पेस्टसारखी दिसते. संघप्रियानं जुनी पुसली, नवी लावली, स्क्रू आवळले. चालू केलं. स्क्रीनवर ताप पंच्याण्णव. मला ते आकडे कळत न्हाईत, पण पंच्याण्णव म्हणताना तिचा आवाज बारीक झाला होता.
गोळी राहिली. सगळे त्या पेस्टच्या नादात, माझ्याकडं कोण बघतंय.

८ एप्रिल
विहारापर्यंत चालून आले. व्यायाम सुरू. दारात आले तर सून तारामती विचारते, आत्या, एक चप्पल कुठं सोडून आलात. खाली बघितलं, खरंच एकच. तारामती जाऊन घेऊन आली, निम्म्या वाटेवर पडली होती. चप्पल नवी आहे, आतून गुळगुळीत, तिचा दोष. एवढ्या उन्हात अनवाणी आले तरी चटका बसला न्हाय. आमचे पाय जुन्या काळचे.

१० एप्रिल
कंपनीचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत फिल्म द्या, न्हायतर पुण्याला या, ऑफिसातल्या मशीनवर काम करा. म्हणजे तिथंच राहायचं. तारामती भाकरी थापायची थांबली.
म्हणलं, जा की. पुणं काय परमुलुखात आहे? मला मोकळं घर आवडतं. तिची खोली रिकामी झाली तर मी तिथं मिरच्या वाळवीन.
तरी शिवप्रसादला परत फोन लावायला मीच सांगितलं. तो म्हणाला, नळ्या परत एकदा बघा. संघप्रिया म्हणाली, आज मी बघते. तिला म्हणलं, तुझ्या बोटांवर पोट आहे, आत पंखे गरगर फिरतायत, आणि माझ्या हाताचा भरवसा गेला असंल तर तसं स्पष्ट सांग. न्हाय गं आजी, तसं कुठं म्हणले मी. मागं सरली बिचारी.
दोन्ही सारख्या. लई ठासून सांगितलं.
मग आतल्या बोर्डातच दोष, म्हणाला. सोलापूरला पाठवावा लागंल.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी. खिरीच्या दोन वाट्या, आजच्या दिवशी नको म्हणता येत न्हाय.
बोर्ड सोलापुरात, तेव्हा संघप्रियाला काम न्हाय. दिवसभर माझ्याबरोबर होती. मिरवणुकीत माझ्यासाठी खुर्ची धरली. संध्याकाळी माझी वेणी घातली. म्हणाली, आजी, केस किती राहिलेत, मोजू का. म्हणलं, मोज, तुला दुसरं काम काय.
कॉम्प्युटर बिघडला की पोरगी घरात दिसते. हे कुणाला बोलले न्हाय.

१९ एप्रिल
बोर्ड परत आला. त्यात काही दोष न्हाय. जोडला, आणि परत तेच, तापला आणि बंद.
दुपारी शिवप्रसाद स्वतः मोटरसायकलवर आला. पाणीसुद्धा प्यायला न्हाय, आधी चालू करून नळी धरली. अय्यय्यो म्हणून हात झटकला. मग दुसरी धरली. म्हणाला, ही भाजतीय आणि ही गार पडलीय. पाणी आत अडलंय. पहिल्या दिवसापासून हेच असणार.
सगळी माझ्याकडं बघायला लागली. म्हणलं, आत्ताच तापली असंल. तेव्हा दाखवायला म्हणून ती पहिली नळी मी मुठीत धरली आणि धरून ठेवली. कोमटच होती. संघप्रिया म्हणाली, आजी सोड. परत म्हणाली, आजी सोड ना. शेवटी तिनंच माझी बोटं उकलली. तळवा लाल झाला होता.
तारामती हळू आवाजात म्हणाली, आत्या, तव्यावर पण तुमचं असंच होतंय. बोटं पोळतात आणि तुम्ही थापतच राहता. म्हणलं, सांगितलं का न्हाईस मग. म्हणाली, तुम्हाला सांगायचं कुणी.

२२ एप्रिल
शिवप्रसादनं पाणी फिरवणारा तो पंप, नळ्या, पंखे सगळं काढून नवीन बसवलं. जुनी नळी कापून दाखवली, आत शेवाळासारखा गाळ. आता आकडा साठच्या पुढं जात न्हाय. बंद पडत न्हाय. संघप्रिया जेवायला उठत न्हाय, ताट आत न्यावं लागतं.
मला विचाराल तर उलगडा माझ्यामुळंच झाला. बाकीची सगळी कारणं मी एकेक करून बाद करून दिली.
गोळी घेतली. आजपासून रोज.

२३ एप्रिल
गोळी विसरले.

२८ एप्रिल
फिल्म अर्धी झाली. उरलेली कंपनीनं दुसऱ्याला दिली. संघप्रियानं पुण्याला यायचं. ठरलं. महिन्याच्या सुरवातीलाच मशीन नीट झाली असती तर काम संपवून वर दिवस उरले असते, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी दारात आहे हे बघून आवाज बारीक केला.
राजपाल जेवताना म्हणाला, ह्यात कुणाचा दोष न्हाय. कुणी विचारलं नव्हतं.
मिरच्या आणायला सांगितल्या. मग म्हणलं, राहू दे.

२९ एप्रिल
संघप्रिया मला उमरग्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. जायच्या आधी एवढं करूनच जाणार म्हणाली. मी म्हणलं, मला काही झालेलं न्हाय, तुझ्या समाधानासाठी चलते.
डॉक्टरनं नायलॉनची बारीक तार काढली. डोळे मिटा, म्हणाला, बोटाला नायतर पायाला तार लागली की सांगा. सोपं काम. डोळे मिटले. थोडं थांबून म्हणलं, लागली. मग परत, लागली. मग म्हणलं, ही अंगठ्याला. चांगलं चाललं होतं.
संघप्रिया म्हणाली, आजी, डॉक्टरांनी अजून सुरूच केलं न्हाय.
नंतर त्यानं सुरू केलं. मी वाट बघत राहिले. डोळे उघडायला सांगितले तेव्हा तो तार पाकिटात घालत होता. साखरेनं नसा गेल्यात म्हणाला. लई दिवसांपासून. चुलीपाशी जायचं न्हाय, अनवाणी चालायचं न्हाय. संघप्रियानं सगळं लिहून घेतलं. मी तिच्याकडं बघितलं न्हाय. भिंतीवर पायांचं चित्र होतं, ते बघत बसले.

१ मे. दुपारी.
संघप्रिया गेली. कॉम्प्युटर इथंच ठेवलाय, तिथं कंपनीचा आहे. जाताना चालू करून दाखवला, म्हणाली, बघ आजी, आता कसा गार चालतोय. म्हणलं, दिसतंय.
स्टँडवर गाडी उशिरा आली. राजपाल बॅगा बघत होता. मी आणि ती बाकड्यावर बसलो. तिला म्हणलं, तिथं जेवण वेळेवर कर. तू गोळी वेळेवर घे, म्हणाली. म्हणलं, मी घेतेच की. मग दोघी रस्त्याकडं बघत बसलो. मला तसं काही वाटत नव्हतं. रडायला तर मुळीच आलं न्हाय, तारामती रडत होती तेवढं पुरे.
गाडी लागली तशी उठायला गेले, तर उठता येईना. खाली बघितलं. संघप्रियानं माझा हात दोन्ही हातांत धरला होता. कधीपासून धरला होता कोण जाणे.
तिचा हातच हलका आहे. लहानपणापासून.