काचेच्या टाकीतलं नत्र

तात्या, मासा म्हटलं की तुम्हाला कालवण आठवायचं, म्हणून आधीच सांगते, हे मासे खायचे नाहीत. सांगलीतल्या माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये काचेची एक टाकी आहे आणि खरं तर ती माशांची कमी, झाडांचीच जास्त आहे. पाण्याखाली वाढणारी झाडं, इतकी दाट की मासे शोधावे लागतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात नवीन काही आणलं की तुम्ही काय म्हणाला असता ते मी मनातल्या मनात ऐकून घेते. हिला बघून म्हणाला असता, "रान सोडून काचंत शेती कराय लागलीस व्हय?" पण आज लिहायला बसले ते टाकीपेक्षा आईसाठी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे आली. ऊस वाट्यानं दिलाय, कडेगावच्या घराला कुलूप आहे, तिथं तिला तांब्याभर पाणी द्यायलाही कोणी नाही. पण तुमची बायको तुम्हाला माहीत आहे. "लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायचं? लोकं काय म्हंतील?" हे तिचं रोजचं पालुपद. मुलगा नाही याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण लेकीकडे आपण पाहुणी, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. साड्या कपाटात ठेवायला तयार नव्हती, पिशवीतून काढायची आणि पिशवीतच ठेवायची. ती भरलेली पिशवी बघितली की मला रडू यायचं आणि रागही यायचा. मी दिवसभर ऑफिसात, आणि ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेली.

या टाकीचं एक शास्त्र आहे. माशांच्या घाणीचा आधी अमोनिया होतो, तो विषारी. मग पाण्यातले जिवाणू त्याचं रूप बदलत बदलत नायट्रेट करतात. तेही फार साठलं तर माशांना वाईट, म्हणून जो तो सांगतो, नायट्रेट कमी ठेवा. दर रविवारी मी नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. पिवळा रंग म्हणजे नायट्रेट नाही, नारंगी म्हणजे आहे, लाल म्हणजे फार झालं. माझी नळी कायम पिवळी, आणि मला त्याचा कोण अभिमान. पुढे झाडांची पानंही पिवळी पडायला लागली. मी घाबरून आणखी पाणी बदललं, तर पानं गळायलाच लागली. आई म्हणाली, "उपाशी हायती गं ती." मी म्हणाले, "आई, हे रान नाही," आणि ऑफिसला निघून गेले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गॅलरीतल्या कढीपत्त्यासाठी तिनं गावाहून युरियाची पुडी आणली होती. ऊस पिवळा दिसला की युरिया, हेच तिनं तुमच्या घरात जन्मभर पाहिलेलं. तिनं टाकीत चिमूटभर टाकला, तोही हात आखडून, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. युरियाचाही अमोनियाच होतो. रानात माती तो पोटात घेते, टाकीत तो सरळ माशांच्या कल्ल्यांत शिरतो. मी बादल्यांनी पाणी बदलत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" बरेचसे मासे वाचले. आई मात्र खुर्ची उचलून आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी म्हणाली, "शनवारच्या यष्टीत बशीव मला. माझ्या घरात माझा हात कुटं बी लागला तरी चालतंय."

मी माशांच्या दुकानात गेले ते अमोनियावरचं औषध आणायला. दुकानदाराला सगळं सांगितलं, झाडांचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, वरची पानं हिरवी, खालची पिवळी. नायट्रेट किती येतंय?" शून्य, मी ऐटीत सांगितलं. "मग झाडांनी खायचं काय? एवढ्याशा माशांच्या घाणीवर एवढं जंगल जगतंय व्हय?" आणि एकदम मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही रानातून येऊन पाटावर बसता, उसाचं पान ताटाशेजारी ठेवता. "खालचं पान बघावं गं. नत्र कमी पडलं की म्हातारं पान आपल्यातलं काढून कवळ्याला देतंय, अन आपण पिवळं पडतंय." भाकरी उलटता उलटता आई विचारते, "पानाचं सांगताय का माझं?" तुम्हाला हसताना ठसका लागतो, ती तांब्या पुढं सरकवते. मी दुकानात उभी होते आणि तो माणूस विचारत होता, औषध देऊ का.

औषध त्यानं दिलंच, वर खताच्या दुकानात पाठवलं. द्राक्षबागेला ठिबकमधून सोडतात ते पोटॅशियम नायट्रेट. त्यातलं नत्र थेट नायट्रेटच्याच रूपात असतं, मध्ये अमोनियाची पायरी नाही. पुडा आईसमोर ठेवला आणि म्हणाले, "भूक तू बरोबर ओळखलीस, जेवण तेवढं चुकलं. मला तर भूकच दिसली नव्हती." तिनं पुडा उलटसुलट करून पाहिला. "हे तर द्राक्षाचं हाय. किती टाकायचं?" मी लहान चमचा तिच्या हातात दिला. "तू टाक. टाकी तुझी पण आहे."  तिनं उठून तांब्यात पाणी घेतलं आणि आधी त्यात खत विरघळवलं.

तो शनिवार आला आणि गेला, एसटीचा विषय निघाला नाही. आता नळी फिकट नारंगी येते आणि मला तोच रंग हवा असतो. रविवारी आई ती खिडकीच्या उजेडात धरते आणि सांगते, "आज जरा लालसर हाय, ह्या आठवड्याला न्हाई टाकायचं." झाडं अशी फोफावली आहेत की मासे पुन्हा दिसेनासे झालेत. काल गावाकडून चुलतीचा फोन आला. "आवं आक्का, कवा येताय?" आई झाडं छाटायची कात्री हातात घेऊन टाकीसमोरच बसली होती. म्हणाली, "आत्ता कशी येऊ गं? माझी भांगलण ऱ्हायलीया." तिची पिशवी घडी घालून टाकीखालच्या कप्प्यात गेली आहे, साड्या कपाटात.

हे पत्र धाडायचं कुठं, तात्या? राहू दे त्या पिशवीतच. एक तेवढं तुम्हाला सांगते, आईला सांगणार नाही. वाढलेली झाडं छाटायचं काम आधी माझं होतं, चहा उकळेपर्यंत उरकायचं. आता मी कात्रीला हातच लावत नाही, आणि आईचं लक्ष नसलं की खत चिमूटभर जास्तच टाकते.